दुपारी बाराला डेटाबेस तुटतो म्हणून ऑटो अपडेट बंद करायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिकवणी संस्थेचे भाड्याने घेतलेले दोन क्लाउड सर्व्हर आहेत, दोन्हींवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली. एकावर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर आणि पायथनमधलं ऑनलाइन चाचणीचं अ‍ॅप, दुसऱ्यावर पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस. पॅकेजेस आपोआप अपडेट होण्याची सेटिंग चालू आहे, सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते, तरीही लॉगिन केलं की २३ अपडेट बाकी असल्याचा निरोप येतो. शिवाय दोनदा दुपारी बाराच्या सुमारास, ऐन चाचणीत, डेटाबेसचं कनेक्शन तुटलं. म्हणून विचारलंय की हे सगळं बंद करून महिन्यातून एकदा हातानेच अपडेट करावं का.

माझं मत स्पष्ट आहे: बंद करू नका. कनेक्शन तुटलं ते बहुधा अपडेटमुळेच, पण दोष अपडेटचा नाही, ते कोणत्या वेळी चालतं त्याचा आहे. आणि २३ अपडेट बाकी दिसणं ही बहुतांशी बिघाडाची खूण नाही. दोन्ही गोष्टी सुटतात.

महिन्यातून एकदा का पुरत नाही, त्याचं एकच उदाहरण देतो. सर्व्हरवर दूरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधली ‘रेग्रेशन’ या नावाने गाजलेली त्रुटी १ जुलै २०२४ला जाहीर झाली. लॉगिन न करता, बाहेरून, थेट रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळण्याची शक्यता त्यात होती आणि उबुंटू २४.०४ला ती लागू होती. उबुंटूने दुरुस्त पॅकेज त्याच दिवशी दिलं. ज्या सर्व्हरवर ऑटो अपडेट चालू होतं त्याला ते साधारण दिवसाभरात मिळालं. तुमचा हाताने अपडेट करायचा दिवस २८ जून असता, तर पुढचे चार आठवडे इंटरनेटकडे उघडं असलेलं एसएसएच तसंच राहिलं असतं.

आता आधी खात्री करून घ्या. पुढच्या सगळ्या आज्ञा आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमन अक्षरं आणि अंक वापरा. डेटाबेस सर्व्हरवर /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग ही फाइल उघडा आणि ज्या दिवशी कनेक्शन तुटलं त्या दिवशीची नोंद पाहा. ‘स्टार्ट-डेट’च्या खाली ‘कमांडलाइन’मध्ये अनअटेंडेड-अपग्रेडचं नाव असेल तर ते काम आपोआप झालेलं आहे. मग /व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल या डिरेक्टरीतला लॉग उघडून त्याच मिनिटांच्या आसपास ‘रिसीव्ह्ड फास्ट शटडाउन रिक्वेस्ट’ अशी ओळ शोधा. दोन्ही वेळा जुळल्या की चोर सापडला. जुळल्या नाहीत, तर कारण दुसरीकडे आहे: मेमरी संपून प्रोसेस मारली गेली असेल किंवा नेटवर्क गेलं असेल. मग खालचं वाचूनही तुमचा तो प्रश्न सुटणार नाही.

वेळा जुळवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि सगळ्या गोंधळाचं मूळही तिथेच आहे. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात. उबुंटूत अपडेट बसवण्याचं काम ‘एपीटी-डेली-अपग्रेड’ हा सिस्टीमडीचा (सर्व्हिस आणि ठरल्या वेळची कामं सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) टायमर करतो. त्याची ठरलेली वेळ सकाळी ६ वाजता, आणि त्यात जास्तीत जास्त एक तासाचा यादृच्छिक उशीर. युरोपात बसलेल्या माणसासाठी ही पहाट आहे. यूटीसीचे ६ म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा. तासाभराचा उशीर धरला तर साडेअकरा ते साडेबारा, म्हणजे तुमच्या चाचणीची वेळ.

‘टाइमडेटसीटीएल’ नुसतं चालवून आधी टाइमझोन पाहा. यूटीसी असेल तर दोन मार्ग आहेत. एक, सर्व्हरच भारतीय वेळेवर आणा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

यानंतर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी) सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, नाहीतर जुनी क्रॉनची कामं जुन्याच वेळेनुसार चालत राहतात. दुसरा मार्ग, सर्व्हर यूटीसीवरच ठेवून टायमरमध्ये वेळेच्या पुढे ‘एशिया/कोलकाता’ असं लिहायचं. सिस्टीमडीला ते कळतं. अ‍ॅप आणि त्याचे लॉग यूटीसी गृहीत धरून लिहिलेले असतील तर हा दुसरा मार्ग घ्या. सगळे वापरणारे भारतात असलेल्या छोट्या संस्थेसाठी मी पहिला घेतो, कारण रात्री दोन वाजता लॉग वाचताना मनात साडेपाच तास मिळवत बसणं ही चुकांना दिलेली जागा असते.

टायमर बदलण्यासाठी मूळ फाइलला हात लावू नका. ही आज्ञा द्या:

सुडो सिस्टीमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर

आणि उघडलेल्या कोऱ्या जागेत लिहा:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=*-*-* ०३:३०
रँडमाइज्डडिलेसेक=३०एम

पहिली ‘ऑनकॅलेंडर=’ ही ओळ रिकामी दिसते, पण ती गाळू नका. या सेटिंगची यादी बनते. नवी ओळ जुनीला पुसत नाही, तिच्यात भर घालते. रिकाम्या ओळीने जुनी वेळ पुसली जाते. ती नसेल तर पहाटे साडेतीनलाही टायमर चालेल आणि सहालाही. टाइमझोन यूटीसीच ठेवला असेल, तर तुम्ही वेळ बदलूनही साडेअकराचा धोका तसाच राहील.

याचा जोडीदार ‘एपीटी-डेली.टायमर’ हाही बदलायला हवा. तो पॅकेजांची यादी ताजी करतो. तो सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ला ठरलेला असतो आणि त्यात तब्बल बारा तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर असतो, म्हणजे यादी दिवसात कधीही ताजी होऊ शकते. पहाटे साडेतीनला अपडेट बसवताना यादी बरीच जुनी असेल तर अर्थ उरत नाही. त्याला अशाच पद्धतीने ०२:३० आणि अर्ध्या तासाचा उशीर द्या. उशीर शून्य करू नका. हजारो सर्व्हर एकाच सेकंदाला पॅकेजेस पुरवणाऱ्या आरसा-सर्व्हरवर (मिररवर) तुटून पडू नयेत म्हणून तो ठेवलेला असतो. शेवटी ‘सिस्टीमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ चालवून दोन्ही टायमरांची पुढची वेळ तुमच्या मनासारखी आली आहे ना ते वाचा.

इथे परिस्थितीनुसार फरक पडतो. तुमचे सर्व्हर क्लाउडवर चोवीस तास चालू आहेत म्हणून पहाट चालते. हाच सेटअप ऑफिसात ठेवलेल्या आणि रात्री बंद होणाऱ्या मशिनवर कुणी केला तर तो फसेल. या टायमरांना ‘पर्सिस्टंट’ हा गुण दिलेला असतो. चुकलेली वेळ ते मशिन सुरू झाल्यावर भरून काढतात. म्हणजे सकाळी साडेनऊला ऑफिस उघडलं, मशिन चालू केलं, की फार तर अर्ध्या तासात अपडेट सुरू. तशा मशिनला जेवणाच्या सुट्टीची वेळ द्यावी.

आता ‘सर्व्हिस अ‍ॅक्टिव्ह आहे’ या समजुतीबद्दल. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाची जी सर्व्हिस तुम्हाला चालू दिसते, ती रोजचं अपडेट करतच नाही. तिचं काम मशिन बंद होताना लक्ष ठेवण्याचं आहे: अपडेट अर्धवट चाललं असेल तर ते नीट पुरं होऊ देणं वगैरे. ती चालू दिसते यावरून अपडेट होतात असं सिद्ध होत नाही, आणि ती बंद केली म्हणून अपडेट थांबतही नाहीत. सेटिंग बदलल्यावर ती रीस्टार्ट करण्याचीही गरज नाही. खरी कळ /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/२०ऑटो-अपग्रेड्स या फाइलीत आहे. त्यात ‘अपडेट-पॅकेज-लिस्ट्स’ आणि ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ या दोन्हींपुढे "१" हवा. हा आकडा म्हणजे हो किंवा नाही असा नसून दिवस आहेत: १ म्हणजे रोज, ७ म्हणजे आठवड्यातून एकदा, ० म्हणजे बंद.

आणि खरा पुरावा हवा असेल तर तो इथे मिळतो:

सुडो अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग

ही आज्ञा काहीही बसवत नाही, आज चाललं असतं तर काय झालं असतं ते सांगते. आउटपुट लांबलचक येतो, पण ‘अलाउड ओरिजिन्स आर’ ही ओळ आणि शेवटी ‘पॅकेजेस दॅट विल बी अपग्रेडेड’ ही ओळ, एवढ्या दोन वाचल्या तरी पुरे. तुमच्या २३ पॅकेजांचं उत्तर या दोन ओळींमधल्या अंतरात आहे.

उबुंटूमध्ये मुळात फक्त मूळ आवृत्तीचं भांडार (पॅकेजेस जिथून येतात तो साठा) आणि ‘-सिक्युरिटी’ भांडार यांनाच आपोआप बसवण्याची परवानगी असते, आणि उबुंटू प्रो ही वर्गणी घेतली असेल तर तिच्या ईएसएम (वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांच्या) भांडारांना. साध्या दोषदुरुस्त्या ‘-अपडेट्स’ भांडारात येतात आणि ती ओळ ५०अनअटेंडेड-अपग्रेड्स या फाइलीत टिप्पणी करून बंद ठेवलेली असते. तुमच्या २३पैकी बरीच पॅकेजेस तिथलीच असणार. काही टप्प्याटप्प्याने सोडलेली असतात: उबुंटू ‘-अपडेट्स’मधली पॅकेजेस आधी थोड्या मशिनना देते, तक्रार आली नाही तर पुढे वाढवते, त्यामुळे तुमची पाळी यायची असते. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना हा टप्प्यांचा नियम लागत नाही. काही पॅकेजेस बाहेरच्या भांडारातली असतात. ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते कुठून येतंय ते दिसतं. तुमचं पोस्टग्रेस उबुंटूचं आहे की पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पीजीडीजी भांडारातलं, हे जरूर पाहा. पीजीडीजीचं असेल तर त्याला आपोआप एकही दुरुस्ती मिळत नाहीये, सुरक्षेचीही नाही, कारण ते भांडार परवानगीच्या यादीत नाही. ते यादीत घालणं किंवा महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठरवणं, दोन्हींपैकी एक करा.

एक प्रकार मात्र खरोखर हाताने सोडवावा लागतो. तुम्ही एखाद्या पॅकेजची सेटिंग फाइल बदललेली असते आणि नव्या पॅकेजातही ती फाइल बदललेली असते. हाताने अपडेट करताना अशा वेळी ‘तुमची ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न येतो. रात्री उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून प्रोग्रॅम ते पॅकेज सरळ वगळतो आणि लॉगमध्ये ‘कॉन्फफाइल प्रॉम्प्ट’ असं लिहून ठेवतो. हे वागणं मला योग्य वाटतं. ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ लावून जुनी फाइल सक्तीने ठेवण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. एसएसएच किंवा एनजिनेक्सच्या बाबतीत तो मी देणार नाही. नव्या फाइलीत काय बदललं ते माणसाने पाहिलं पाहिजे.

‘-अपडेट्स’ची ओळ उघडावी का? एकट्या माणसाकडे दोन सर्व्हर असतील तर मी ती बंदच ठेवतो. सुरक्षेचं रोज आपोआप, बाकीचं महिन्यातून एकदा स्नॅपशॉट (सर्व्हरच्या डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेऊन हाताने. स्नॅपशॉट का, तर एपीटीला (उबुंटूच्या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला) मागे फिरण्याची सोय जवळजवळ नाही. भांडारात मधल्या आवृत्त्या राहत नाहीत, त्या उबुंटूच्या लाँचपॅड या संकेतस्थळावरून शोधून आणाव्या लागतात, आणि मध्यरात्री अवलंबित पॅकेजांसह ते करणं फार कष्टाचं होतं.

स्वतःच्या सेटिंग ५०अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये लिहू नका. उद्या हेच पॅकेज अपडेट झालं की तुमचा बदल आणि त्यांचा बदल यांची टक्कर होते. त्याच /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी डिरेक्टरीत ५२अनअटेंडेड-अपग्रेड्स-लोकल अशी आपली फाइल करा. नावानुसार नंतर वाचली जाते, म्हणून तिची किंमत वरचढ ठरते. मात्र इथेही याद्यांचा तोच नियम आहे: एकेकटी किंमत बदलली जाते, यादीत मात्र भर पडते. यादी नव्याने सुरू करायची असेल तर आधी ‘#क्लिअर’ची ओळ लागते. आणि फाइलीला ‘.बॅक’सारखं शेपूट लावलंत तर ती निमूटपणे दुर्लक्षिली जाते.

आता रीस्टार्ट. इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) अपडेट झाली म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली. आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीची हार्टब्लीड त्रुटी आली तेव्हा नुसतं पॅकेज अपडेट करून भागत नव्हतं, वेब सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत भोक तसंच होतं. या कामासाठी उबुंटू सर्व्हरवर ‘नीडरीस्टार्ट’ असतो आणि २४.०४पासून तो आपोआप चाललेल्या अपडेटनंतर गरज असलेल्या सर्व्हिस स्वतःच रीस्टार्ट करतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘पॅकेज-ब्लॅकलिस्ट’मध्ये (आपोआप अपडेट न करायच्या पॅकेजांच्या यादीत) पोस्टग्रेस टाकलं की डेटाबेस सुरक्षित, असं समजू नका. पोस्टग्रेसला कुणी हात लावला नाही तरी लिबसी६ ही पायाभूत लायब्ररी किंवा ओपनएसएसएलची लायब्ररी बदलली की नीडरीस्टार्ट पोस्टग्रेसला रीस्टार्ट करू शकतो. तुमच्या दोनपैकी एका वेळी असंच झालं असण्याची शक्यता बरीच आहे, हिस्टरी.लॉगमध्ये त्या नोंदीत पोस्टग्रेसचं नाव नसून लायब्ररीचं असेल तर हेच. नीडरीस्टार्टच्या सेटिंगमध्ये एखादी सर्व्हिस वगळता येते, पण मग जुनी लायब्ररी घेऊन डेटाबेस आठवडेच्या आठवडे चालत राहतो. पहाटे साडेतीनला दोन-चार सेकंदांचा रीस्टार्ट होऊ द्यावा, हे मला जास्त पटतं.

त्यासाठी दोन गोष्टी सांभाळा. पहिली, अ‍ॅपला कनेक्शन पुन्हा जोडता आलं पाहिजे. एसक्यूएलअल्केमी वापरत असाल तर इंजिनमध्ये ‘पूल_प्री_पिंग’ चालू करा, जँगो ४.१ किंवा त्यापुढचं असेल तर टिकाऊ कनेक्शनसोबत ‘कॉन_हेल्थ_चेक्स’ चालू करा. हे नसेल तर मेलेली कनेक्शनं तशीच साठून राहतात आणि सकाळी पहिल्या विद्यार्थ्यांना एरर दिसतो. दुसरी, रात्रीचा बॅकअप. पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारं पीजी_डंप चालू असताना पोस्टग्रेस रीस्टार्ट झालं तर बॅकअप अर्ध्यावर तुटतो. बॅकअप दीड वाजता ठेवा म्हणजे तो आधी पुरा होईल. मग अपडेटच्या आधीची ताजी प्रत हाताशी असते, हा आणखी एक फायदा.

ब्लॅकलिस्ट वापरायचीच असेल तर तिच्यातली नावं रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून, नावाच्या सुरुवातीपासून जुळवली जातात. ‘लिनक्स-’ लिहिलंत तर कर्नलसोबत (प्रणालीच्या गाभ्यासोबत) फर्मवेअरही अडतं. नेमकं एकच पॅकेज हवं असेल तर शेवटी डॉलरचं चिन्ह द्या.

कर्नल बदललं की मात्र पूर्ण रीबूटच लागतो. /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल तयार झालेली दिसते. वेब सर्व्हरवर मी त्या ५२च्या फाइलीत ‘ऑटोमॅटिक-रीबूट’ "ट्रू" आणि ‘ऑटोमॅटिक-रीबूट-टाइम’ "०४:३०" ठेवतो, म्हणजे अपडेट संपल्यावर त्याच पहाटे रीबूट होतो. ही वेळ सर्व्हरच्या टाइमझोनची आहे आणि इथे ‘एशिया/कोलकाता’ लिहिता येत नाही. यूटीसीवर राहिलात तर "२३:००" लिहा. डेटाबेस सर्व्हरवर ते "फॉल्स" ठेवून रविवारी सकाळी स्वतः रीबूट करा, समोर बसून. मात्र तो रविवार चुकवायचा नाही. पोस्टग्रेस बूटनंतर आपोआप उठतं का, वेगळी डिस्क असेल तर ती माउंट होते का, हे पहिल्या एक-दोन रीबूटमध्येच कळतं. ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्यात जागा किती उरली तेही तेव्हाच पाहा. ते भरलं की नवं कर्नल अर्धवट बसतं आणि तिथून पुढची सगळी अपडेट अडकतात.

कळणार कसं? त्याच फाइलीत ‘मेल’मध्ये आपला पत्ता आणि ‘मेलरिपोर्ट’मध्ये "ओन्ली-ऑन-एरर" लिहा, पहिले पंधरा दिवस मात्र "ऑन-चेंज" ठेवा, म्हणजे यंत्रणा खरंच चालतेय हे दिसेल. नुसतं लिहून मेल येत नाही. सर्व्हरवर बीएसडी-मेलएक्स आणि मेल पुढे ढकलणारं एमएसएमटीपीसारखं काहीतरी हवं. क्लाउडवर २५ नंबरचं पोर्ट बहुधा बंद असतं, तेव्हा ५८७वरून तुमच्या मेल सेवेमार्फत पाठवा.

हाताने एपीटी चालवताना ‘लॉक मिळालं नाही’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा मागे हेच काम चालू असतं. लॉकची फाइल पुसू नका, थांबा. ती पुसून दुसरं एपीटी चालवलं तर पॅकेजांची नोंदवही बिघडते. मशिन मध्येच बंद पडल्याने काम खरंच अर्धवट राहिलं असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ हा इलाज.

या सगळ्यातून काय निसटतं तेही सांगायला हवं. तुमच्या पायथन अ‍ॅपमध्ये पिप या पायथनच्या साधनाने बसवलेल्या लायब्ररी, डॉकरच्या इमेजमधलं सामान, यांना एपीटी हात लावत नाही. ते वेगळं, हाताने किंवा तुमच्या डिप्लॉयमेंटच्या पद्धतीत बसवून करावं लागेल. ‘युनिव्हर्स’ भांडारातल्या बऱ्याच पॅकेजांच्या सुरक्षा-दुरुस्त्या उबुंटू प्रो घेतल्यावरच येतात. पाच मशिनपर्यंत ते मोफत आहे, तुमच्याकडे दोनच आहेत, तेव्हा घेऊन टाका. आणि २४.०४चा नेहमीचा आधार २०२९पर्यंत आहे. पुढच्या आवृत्तीवर जाणं हे ऑटो अपडेट करत नाही. २०.०४चा आधार मे २०२५मध्ये संपला. अशा सर्व्हरवर प्रो नसेल तर ड्राय-रन काहीच बाकी नसल्याचं दाखवतो आणि एररचा मेलही येत नाही. म्हणून २४.०४चा आधार संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये आजच लिहून ठेवा.